तारापूरची वीज: पैसा कोणाचा, जमीन कोणाची?

फ्लॅट बुशमधली आपली मुले शाळेतून 'अणुमुक्त न्यूझीलंड' शिकून येतात, आणि आपल्यातले कित्येकजण तर तारापूरच्या विजेवर वाढलेले! मुलांना दोन्ही बाजू सांगता याव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

डॉ. होमी भाभांच्या आग्रहाने भारताचे पहिले अणुवीज केंद्र तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यात तारापूरला उभे राहिले. अमेरिकेशी करार १९६३ साली झाला. भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. पैसा मात्र कर्जाचा: अमेरिकी सरकारचे सुमारे ८ कोटी डॉलर, व्याज पाऊण टक्का, मुदत ४० वर्षे. उरलेला खर्च भारत सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या करातून. कर्ज स्वस्त खरे, पण जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि ३८ कोटींचे कर्ज हिशेबात ६० कोटींचे झाले.

ऑक्टोबर १९६९ पासून महाराष्ट्र-गुजरातला वीज मिळू लागली. २१० मेगावॅटचे दोन संच पुढे यंत्रांच्या अडचणींमुळे १६० वर आणावे लागले. इंधनही परदेशी. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला. १९८२ साली फ्रान्सने पुरवठा पत्करला. १९८७ मध्ये न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली. तिने ५४० मेगावॅटचे दोन देशी संच २००५-०६ मध्ये सुरू केले. त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. तिथल्या शेतकरी-मच्छीमारांना पुनर्वसनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

न्यूझीलंडनेही १९६८ च्या सुमारास ऑकलंडच्या उत्तरेला, कायपारा खाडीवर असे केंद्र योजले होते. माउईचा नैसर्गिक वायू सापडला आणि बेत मागे पडला. १९७६ साली अणुविजेविरुद्धच्या अर्जावर सव्वातीन लाखांहून अधिक सह्या झाल्या. १९७८ मध्ये रॉयल कमिशननेही घाईची गरज नसल्याचे सांगितले. १९८७ चा गाजलेला कायदा अण्वस्त्रे आणि अणुशक्तीवरच्या जहाजांविषयी आहे. वीज केंद्रावर त्यात बंदी नाही.

म्हणजे इथे लोकांना आधी विचारले गेले, तिथे गावाला नंतर कळले. तारापूरच्या शास्त्रज्ञांचे आणि कामगारांचे कर्तृत्व मोठेच आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगू. पण मुंबईच्या दिव्याचा हिशेब मांडताना पोफरणची घरेही खर्चाच्या बाजूला लिहायला हवीत.

पालघर-बोईसरकडच्या सभासदांनी आपल्या आठवणी पुढील अंकासाठी अवश्य पाठवाव्यात.