तंबोरा नसलेली मैफल

मंगळवार, १७ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या बाउरी भागात, कूपर स्क्वेअरवरच्या पाच नंबरच्या दारात तुम्ही उभे आहात. थंडीने कानाच्या पाळ्या दुखताहेत. दार ढकलताच सिगरेटचा धूर आणि बिअरचा वास अंगावर येतो. हा टर्मिनी बंधूंचा ‘फाइव्ह स्पॉट’. लहानशी जागा, भिंतींवर पोस्टरं, टेबलांवर चित्रकार आणि कवी. दोन वर्षांपूर्वी थेलोनियस मंक इथे कित्येक महिने वाजवत होता आणि जॉन कोल्ट्रेन त्याच्या साथीला असायचा. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकांचे कान तयार आहेत.

तुमचेही आहेत. किशोरीताई, कुमारजी ऐकत तुम्ही मोठे झालात. आधी आर्ट फार्मर आणि बेनी गोल्सन यांचं ‘जॅझटेट’ वाजवतं. घट्ट बांधलेलं, नेटकं संगीत, आणि टेबलाखाली तुमचा पाय आपोआप ठेका धरतो. बत्तीस मात्रांचा नव्हे, बत्तीस मापांचा फेरा पुन्हापुन्हा येतो, पियानोचे कॉर्ड वाट दाखवतात आणि वाजवणारा त्या वाटेवर आपली कलाकुसर करत जातो. हे तुम्हाला कळतं, कारण आवर्तन तुमच्या ओळखीचं आहे.

मग चौघं पोरं येतात. पियानोपाशी कोणीच बसत नाही.

ऑर्नेट कोलमन एकोणतीस वर्षांचा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. त्याच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन आहे. पितळी परवडत नव्हता म्हणून घेतलेला, पण पुढे त्याला त्याचाच आवाज आवडू लागला. शेजारी डॉन चेरी, उद्या तेवीस पूर्ण होतील त्याला. त्याचा ट्रंपेट पाकिस्तानी बनावटीचा, इतका छोटा की खेळण्यातला वाटावा. ड्रमवर बिली हिगिन्स, वाजवताना सतत हसणारा. आणि डबल बासवर बावीस वर्षांचा चार्ली हेडन, डोळे गच्च मिटलेला.

सॅक्सोफोन आणि ट्रंपेट एकदम एक वाकडीतिकडी, चपळ धून फेकतात आणि दुसऱ्याच क्षणी पायाखालची सतरंजी कोणीतरी ओढून घेतं. तुमचा कान ‘सा’ शोधायला लागतो. आपल्याकडे गवयाने तोंड उघडायच्या आधीच तंबोरा सांगून टाकतो की घर इथे आहे, कुठेही फिर, परत इथेच यायचंय. इथे तंबोरा नाही, आणि मघाशी वाट दाखवणारे कॉर्डही नाहीत. ऑर्नेटचा सूर नेमक्या जागेच्या किंचित वर, किंचित खाली लागतो, एखादी बाई हुंदका आवरत बोलत असावी तसा. शेजारच्या टेबलावरचा माणूस ओव्हरकोट चढवून निघून जातो. तुमचाही हात खुर्चीवरच्या कोटाकडे जातो.

थांबा. दाराकडे जाऊ नका, माझ्याबरोबर सहा महिने मागे या.

२२ मे १९५९, हॉलिवूडमधला स्टुडिओ. चौघं तेच. धूर नाही, ग्लासांची किणकिण नाही. तुम्ही हेडनपासून हातभर अंतरावर आहात. ऑर्नेटकडे बघू नका. नवखा माणूस सॅक्सोफोनच्या मागे लागतो आणि हरवतो, माझंही कित्येक दिवस तसंच झालं होतं. हेडनच्या बोटांकडे बघा.

धून आहे ‘लोनली वुमन’. लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला असताना, जेवणाच्या सुट्टीत ऑर्नेट एका गॅलरीत शिरला होता. तिथे चित्रात एक श्रीमंत गोरी बाई होती, भोवती सगळं काही, आणि चेहऱ्यावर मात्र अपार एकटेपण. त्यातून ही धून आली. हेडन दोन तारा एकदम छेडतो. जाड तार लाकडाला घासते, लाकूड घुमतं, ती थरथर जमिनीतून तुमच्या तळव्यांपर्यंत येते. जवळजवळ तंबोराच. हिगिन्सची झांज मात्र भरधाव सुटली आहे. आणि त्या दोघांवर सॅक्सोफोन आणि ट्रंपेट संथपणे, मापात न बसता विलाप करू लागतात. खाली द्रुत, वर विलंबित. दोघं बरोबर आहेत, पण काटेकोर एकत्र नाहीत. तिरडीमागून चालणाऱ्या दोन माणसांची पावलं जशी जुळतात आणि सुटतात, तशी.

धून संपते आणि ऑर्नेट एकटा पुढे निघतो. आता हेडनचा हात सोडू नका. ऑर्नेट एका सुरावर रेंगाळला की हेडन त्याखाली आपला सूर ठेवतो आणि क्षणभर तोच ‘सा’ होतो. ऑर्नेट दुसरीकडे वळतो, हेडन ऐकतो आणि घर उचलून तिकडे नेतो. कधी तोच आधी सरकतो आणि ऑर्नेटला त्याच्यामागे जावं लागतं. इथे घर बांधलेलं नाही, ते चौघं मिळून चालता चालता बांधताहेत. याला बेशिस्त म्हणणाऱ्यांनी हेडनचा कान किती ताणलेला असेल याचा विचार करावा. ठरलेल्या कॉर्डांवर वाजवताना क्षणभर लक्ष उडालं तरी निभावतं, इथे निभावत नाही.

हेडन आयोवातल्या शेनन्डोआचा. त्याच्या घरच्यांचा रेडिओवर लोकगीतांचा कार्यक्रम असायचा आणि तो अगदी दोन वर्षांचा असल्यापासून त्यात गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओने त्याचा गळा गाठला आणि गाणं सुटलं. त्या जाड तारांवरच्या प्रत्येक सुराला श्वास का आहे, हे मला ते कळल्यावर उमगलं.

चला, परत कूपर स्क्वेअरला, पण पहिल्या रात्री नको. करार दोन आठवड्यांचा होता, मुक्काम दोन महिन्यांवर लांबलाय. आता जानेवारी १९६० आहे. लिओनर्ड बर्नस्टाइनसारखा नामांकित संगीतकार येऊन भारावून गेलाय आणि नामवंत वादक बारपाशी उभं राहून वाद घालताहेत की हा माणूस अवलिया आहे की भोंदू. तुम्ही त्या वादात पडत नाही. मधल्या टेबलावर बसून डोळे मिटता, समोरच्या हेडनसारखे. तीच वाकडीतिकडी धून येते. सतरंजी पुन्हा ओढली जाते, पण या खेपेला तुम्ही पडत नाही, कारण तुमचं वजन डबल बासवर आहे. ऑर्नेटचा तो किंचित उतरलेला सूर आता बेसूर वाटत नाही. आपल्याकडे आंदोलित गंधार एका जागी ठोकलेला कधी असतो? आणि चेरीने ऑर्नेटच्या ओळीचं शेपूट उचलून उलटं केलं, ते तुम्हाला चक्क ऐकू येतं. तुम्ही मोठ्याने ‘वा!’ म्हणता. शेजारचे वळून बघतात. बघू देत.

अजून एकच थांबा. १९७१, न्यूयॉर्क, कोलंबियाचा स्टुडिओ. ऑर्नेट ‘सायन्स फिक्शन’ नावाची तबकडी करतोय. हिगिन्स आहे, सोबत एड ब्लॅकवेल हा दुसरा ड्रमवालाही आहे, आणि हेडन आहे. माइकसमोर मुंबईची एक तरुण मुलगी उभी आहे, आशा पुथली. ती हिंदुस्थानी संगीत शिकलेली आहे आणि पाश्चात्त्य ऑपेराही. दोन्ही ड्रम उकळत्या पाण्यासारखे खळाळताहेत, वाद्यांचा ताफा वर चढतोय. तिला सूर द्यायला तंबोरा नाही, आधाराला पियानो नाही.

ती श्वास घेते. तुमचा कान आधी हेडनकडे जातो, त्याचं बोट तारेवर टेकलेलं आहे. आणि ती लांब, सरळ सूर लावते, बरोबर तिथे.