चाळीस दिवसांचें व्रत आणि मराठी पुराण

ख्रिस्ती सणांपैकीं नाताळ आमच्या सुशिक्षित समाजाच्या चांगल्या परिचयाचा आहे. ईस्टर तितकासा नाहीं. गुड फ्रायडेची सुटी सर्वांस मिळते, पण ती कसली हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नांवांतील 'गुड' या शब्दावर भिस्त ठेवून त्या दिवशीं ख्रिस्ती मित्राचें अभिनंदन करणारे पदवीधरहि आम्हीं पाहिले आहेत! वस्तुतः कॅथलिक मंडळीच्या धर्मजीवनाचा कणा नाताळांत नसून या दिवसांत आहे. सोलापुरांत उन्हाचा चटका बसूं लागतो त्या सुमारास हें व्रत सुरू होतें, आणि वैशाखवणवा पेटण्यापूर्वीं त्याचें पारणें होतें.

ज्यांस पंचांग पाहण्याची संवय आहे त्यांस या सणाचें गणित परकें वाटावयास नको. वसंतसंपातानंतर, म्हणजे चर्चच्या हिशेबानें २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर, जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा स्थूलमानानें कधीं आमची फाल्गुनी असते तर कधीं चैत्री. २०२३ सालीं चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला होती व ईस्टर ९ एप्रिलला. २०२४ सालीं फाल्गुनी पौर्णिमा २५ मार्चला व ईस्टर ३१ मार्चला. म्हणजे एका वर्षीं हनुमानजयंतीची तर दुसऱ्या वर्षीं होळीची सोबत. ईस्टरच्या मागें शेहेचाळीस दिवस मोजले म्हणजे राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपवासांतून वगळतात, आणि मग चाळीस ही संख्या बरोबर जमते. ख्रिस्तानें अरण्यांत चाळीस दिवस निराहार काढले, त्याची ही आठवण.

राखेच्या बुधवारीं धर्मगुरु प्रत्येकाच्या मस्तकीं राख लावून 'तूं माती आहेस व मातीस मिळणार आहेस' अशा अर्थाचें वचन उच्चारतो. ही राख गतवर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं मिरविलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. सिद्धरामेश्वरांच्या या नगरांत भस्म कपाळीं लावण्याचा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज नाहीं. तथापि हें साम्य फार ताणूं नये. शिवभक्ताचें भस्म हें आपण कोणाचे आहोंत याची खूण आहे. ही राख आपण काय आहोंत याची. भस्म नित्य धारण करावयाचें, राख वर्षांतून एकदां लावून दुसरे दिवशीं धुवून टाकावयाची.

पुढें चाळीस दिवस मिस्साविधींत 'आलेलुया' हा जयघोष बंद असतो, वेदीवरील वस्त्रें जांभळीं होतात, शुक्रवारीं मांस वर्ज्य असतें आणि सायंकाळीं चौदा चित्रांपुढें थांबत थांबत क्रूसाची वाट चालली जाते. पूर्वीं व्रताचे सारे दिवस एकच पुरें जेवण घेण्याचा नियम होता. सहाव्या पॉल पोपांनीं १९६६ सालीं उपवासाचें बंधन राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरतें ठेवून बाकीचें ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर व दानधर्मावर सोंपविलें. शेवटच्या आठवड्यांत गुरुवारीं सायंकाळच्या मिस्सेंत घंटा वाजतात त्या वाजून मुक्या होतात, आणि त्यांच्या जागीं लांकडी खटखटें येतें. शुक्रवारीं मिस्सा नाहीं; क्रूसाचें वंदन आणि क्लेशभोगाच्या कथेचें वाचन. शनिवारीं रात्रीं अंधाऱ्या चर्चबाहेर नवा अग्नि पेटवितात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातांतील वात पेटते, आणि घंटा पुन्हां बोलूं लागतात.

विधि असे बोलके आहेत. परंतु विधीचा प्राण जी कथा, ती महाराष्ट्रांतल्या व गोव्यांतल्या भाविकानें शेंकडों वर्षें कोणत्या भाषेंत ऐकली? वेदीवरून ती लॅटिनमध्येंच म्हटली जाई. सासष्टीच्या शेतकऱ्याला लॅटिन जितकें कळे, तितकेंच लिस्बनच्या कोळ्यालाहि कळत असेल. पण त्या कोळ्याभोवतीं निदान पिढ्यान् पिढ्यांचीं चित्रें, गाणीं आणि नाट्यें होतीं. नव्यानें बाप्तिस्मा झालेल्या सासष्टीकराजवळ काय होतें? त्याच्याजवळचें होतें तेंहि काढून घेतलेलें होतें. सासष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडण्यांत आलीं, आणि जुन्या पोथ्या बाळगणें हा अपराध ठरला. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच जेझुइट पाद्री ठार मारले. मागाहून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून घेऊन कापून काढलें. या रक्तरंजित सासष्टींतच मराठींतील पहिलें मोठें ख्रिस्ती काव्य जन्मास आलें, ही गोष्ट ग्रंथाच्या कौतुकांत विसरतां कामा नये.

त्या काव्याचा कर्ता फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचा. स्वदेशीं कॅथलिकांचा छळ चाललेला असतां तो रोमला जाऊन जेझुइट झाला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला ज्ञात असा हा पहिला इंग्रज. राणीनें व्यापारी कंपनीस सनद देण्यापूर्वीं एकवीस वर्षें! १६१९ सालीं मरेपर्यंत चाळीस वर्षें तो येथेंच राहिला, आणि त्यांतील बहुतेक काळ सासष्टींत गेला. पुराण लिहिण्याचें निमित्त त्यानें ग्रंथारंभींच सांगितलें आहे. एका रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देणें चाललें असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें विनंति केली कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं वाचावयास कां देत नाहीं? प्रश्न नम्र आहे, पण त्यांतील टोंचणी कोणासहि जाणवावी. जप्त करणाऱ्यांपाशींच तो ब्राह्मण भरपाई मागत होता. आणि स्टीफन्सचा मोठेपणा असा कीं, ही मागणी न्याय्य आहे हें त्याला पटलें, व ती त्यानें कवितेच्या रूपानेंच पुरी केली.

ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग, एकंदर ओव्या दहा हजार नऊशें बासष्ट. अध्यायांस 'अवस्वर' असें नांव. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या पूर्वजांची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. येथें भाषेची निवड पाहण्यासारखी आहे. बालबोध प्रश्नोत्तरांचें धर्मशिक्षणाचें पुस्तक स्टीफन्सनें कोंकणींत लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं निघालें. घरांत बोलावयाची ती कोंकणी, परंतु पुराण ऐकावयाचें तें मराठींत, ही गोव्यांतील रीत त्यानें जशीच्या तशी मान्य केली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यास तो कचरला नाहीं, ओवीचा छंदहि त्यानें जिवापाड सांभाळला. मात्र लिपी रोमन. देवनागरी खिळे पाडून मिळावे अशी इच्छा त्यानें १६०८ सालच्या पत्रांत आपल्या वरिष्ठांस कळविली होती. जोडाक्षरांसह शेंकडों खिळे लागणार, तेव्हां तें काम झालें नाहीं. मराठी मुद्रणाचा प्रारंभ दोनशें वर्षें लांबला तो असा खर्चाच्या हिशेबांत.

हें पुराण रविवारीं व सणांच्या दिवशीं इगर्जीत लोक जमले असतां वाचलें जाई. क्लेशभोगाचे अवस्वर ऐकणाऱ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना ज्यानें आमच्याकडे पांडवप्रतापाचें वाचन ऐकलें आहे त्यास सहज करतां येईल. वेदीपाशीं परकी भाषा आणि श्रोत्यांमध्यें आपली भाषा, असे दोन प्रवाह एकाच छपराखालीं वाहत होते. पुढें एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटानें संत पीटरच्या चरित्रावर असेंच विस्तृत मराठी पुराण रचलें, आणि स्टीफन्सचा ग्रंथ १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला गेला.

आणि मग ही वाट बंद झाली. संभाजी महाराजांच्या स्वारीनें १६८३ च्या अखेरीस गोवें हादरलें होतें. तें संकट टळल्यावर लगेच, २७ जून १६८४ रोजीं, व्हाइसरॉय कोंदि द आल्वोर यानें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. फर्मानानें भाषा मरत नाहीं, हें खरें. कोंकणी आजहि जिवंत आहे. पण छापखान्यांतलें आणि पाठशाळांतलें मराठी पुराण-वाङ्मय मात्र त्यानंतर सुकत गेलें. तिन्ही जुन्या आवृत्तींपैकीं एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं.

ग्रंथ वांचला तो गोव्याहून दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांच्या हस्तलिखित प्रतींमुळें. त्यांच्यावर जें संकट कोसळलें त्याचीहि गांठ या व्रताशींच पडली आहे. फेब्रुवारी १७८४ मध्यें, परंपरेप्रमाणें राखेच्या बुधवारीं, टिपू सुलतानानें तेथील हजारों ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. कित्येक वाटेंतच मेले. जे उरले त्यांचा बंदिवास १७९९ सालीं टिपू पडल्यावर संपला. एरवीं चाळीस दिवसांत सुटणारें व्रत यांस पंधरा वर्षें पुरलें. त्यांच्या परतलेल्या वंशजांत पुराणाच्या प्रती टिकून राहिल्या, आणि त्यांच्याच आधारें जोसेफ सल्डान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत चौथी आवृत्ति काढली. देवनागरी हस्तलिखित लंडनमध्यें मार्सडन-संग्रहांत असल्याचें १९२३ सालीं अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांनीं दाखवून दिलें. मूळ लिपी तीच कीं काय, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

उत्तरेस वसईची कथा निराळी. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां तेथील कॅथलिक लोकांस धर्माची मोकळीक मिळाली, आणि पोर्तुगीज अंमल गेल्यानें मराठी बोली आपोआपच घरांत व शिवारांत टिकली. पण वेदीवर लॅटिनच. सोलापुरासारख्या ठिकाणीं तर कॅथलिक वस्ती रेल्वेच्या पाठोपाठ वाढली. आगगाडी येथें १८६० सालीं आली. १८८६ सालीं पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि सोलापूर त्यांत मोडतें. मराठी, तेलुगू, कानडी, कोंकणी व इंग्रजी या पांच भाषा ज्या गांवांत रोज कानीं पडतात, तेथें लॅटिनची एक सोय होती हें कबूल केलें पाहिजे: ती सर्वांना सारखीच अगम्य होती.

हा प्रकार पालटला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. प्रथम विधीची वेळ सुधारली. ईस्टरचा जागर कित्येक शतकें शनिवारीं सकाळींच उरकला जात असे. लख्ख उन्हांत मेणबत्ती लावून रात्रीचीं स्तोत्रें म्हणावयाचीं, असा चमत्कारिक प्रकार! बाराव्या पायस पोपांनीं १९५१ सालीं तो पुन्हां रात्रीं करण्यास परवानगी दिली व १९५६ पासून तसा नियमच झाला. त्यानंतर ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस जागा दिली, आणि पुढील कांहीं वर्षांत मराठी मंडळीचा मिस्सा मराठींत होऊं लागला. ख्रिस्तपुराण छापल्यावर साडेतीनशें वर्षांनीं क्लेशभोगाची कथा श्रोत्यांमधून वेदीपर्यंत जाऊन पोंचली.

वेदीवर गेली ती गद्यांत. ओवी मागेंच राहिली. जानेवारी २०२० मध्यें आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस, आतांच्या धाराशिवास, साहित्य संमेलन भरलें तेव्हां अध्यक्षस्थानीं वसईचे कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'चें गद्य स्वच्छ व प्रासादिक आहे यांत शंका नाहीं. तरीहि गुड फ्रायडेच्या दुपारीं तीन वाजतां, तापलेल्या पत्र्याखालीं बसलेल्या मंडळीपुढें स्टीफन्सच्या ओव्या कोणी जाणत्या गळ्यानें म्हटल्या तर काय होईल, हें पाहण्याची आमची फार इच्छा आहे. त्यासाठीं साधनांची उणीव नाहीं. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ सालीं मुंबईस, आणि फादर नेल्सन फालकांव यांनीं अर्वाचीन मराठी रूपांतरासह सिद्ध केलेली २००९ सालीं.