ग्राफिक डिझाइनचा पोर्टफोलिओ आणि देवनागरी

पोर्टफोलिओ म्हणजे नोकरी देणाऱ्यापुढे ठेवायचा निवडक कामांचा संच. त्यात ८-१० कामेच ठेवावीत, सर्वांत सरस काम आधी. प्रत्येकासोबत गरज काय होती, कच्ची रेखाटने कशी बदलत गेली आणि आपला वाटा कोणता, हे थोडक्यात द्यावे.

बडोद्यातील आपल्या मुलांकडे मराठी वाचनाची जोड आहे, ती दाखवावी. मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण मराठी, गुजराती आणि इंग्रजीत रचले, तर तीन लिप्यांचा तोल साधण्याची क्षमता दिसते. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ न निवडल्यास जोडाक्षरे फुटतात, वेलांटी जागा सोडते. मराठी न वाचणाऱ्याच्या नजरेतून ही चूक निसटते. आपल्या नजरेतून निसटू नये. म्हणून पाठवण्यापूर्वी पीडीएफ छापून घरातील मोठ्यांकडून तपासून घ्यावी.