तारपा फिरतो, आवाज फिरतो

झरीत जाऊन सिंथेसायझरवर काय बोलणार, असं आम्हाला काहींनी विचारलं. आवाज डावीकडून उजवीकडे कसा नेतात, हा आजचा विषय. आणि आवाज फिरतो म्हणजे काय होतं, हे तारप्याच्या गावात शिकवायची गरज नाही.

नवं भात आल्यापासून दिवाळीपर्यंत तारपा वाजतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मध्ये चालतो, वळतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळते. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही फिरती साखळी भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. चित्र जगभर गेलं. आवाजाचं काय झालं, हा आमचा प्रश्न आहे.

आधी कानाचं पाहू. डोळे मिटूनही तारपा कुठे आहे ते आपल्याला कळतं. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने 1907 साली याचा उलगडा केला. आवाज डावीकडे असला की डाव्या कानाला तो जोरात ऐकू येतो आणि जरा आधीही पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश एवढा. पण मेंदूला तेवढा पुरतो. म्हणजे खुणा दोन झाल्या, एक जोराची, एक वेळेची. या दोन खुणा लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

बोलपट आले तेव्हा पडद्यावरचा माणूस एका कडेला आणि त्याचं बोलणं भलतीकडून, अशी गत होती. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने 1931 साली दोन स्पीकरांच्या ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे 1940 साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी इंजिनिअरांनी खास बटण बनवलं. ते फिरवलं की वाद्याचा आवाज पडद्याच्या एका बाजूच्या स्पीकरातून दुसऱ्या बाजूला सरके. पॅनोरमा या शब्दावरून त्याला ‘पॅन पॉट’ म्हणू लागले. पॅनिंग हा शब्द तिथला. आपल्याकडे ‘शोले’ 1975 साली सत्तर एमएममध्ये स्टिरिओ आवाजासकट आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आपल्यातल्या कित्येकांनी सरकणारा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा, थिएटरात.

पण बटण फिरवायला हात लागतो. हाताऐवजी विजेने ते काम करावं, ही पुढची पायरी. रॉबर्ट मूग या अमेरिकन इंजिनिअरने 1964 साली व्होल्टेजवर चालणाऱ्या संगीत-यंत्राच्या सुट्या भागांवर निबंध वाचला. याच सुमारास तिकडे कॅलिफोर्नियात डॉन बुकलाही तेच करत होता. (नावाचा खरा उच्चार ‘मोग’ला जवळचा, पण आपल्याकडे सगळे मूगच म्हणतात. आम्हीही तेच म्हणू, डाळीशी गल्लत करू नका म्हणजे झालं.)

या यंत्राची युक्ती अशी. एकच आवाज दोन वाटांना लावायचा, एक डाव्या स्पीकरकडे, एक उजव्या. प्रत्येक वाटेवर एक अ‍ॅम्प्लिफायर, ज्याचा जोर व्होल्टेजने कमीजास्त होतो. उजव्याला व्होल्टेज सरळ द्यायचं, डाव्याला उलटं करून. व्होल्टेज चढलं की उजवा वाढतो, डावा उतरतो. विहिरीच्या रहाटावरच्या दोन घागरींसारखं, एक वर आली की दुसरी खाली. मधोमध आल्यावर मात्र दोघांना निम्मा-निम्मा आवाज दिला तर खोलीत तो खचल्यासारखा वाटतो. म्हणून तिथे दोघांनाही सुमारे सत्तर टक्के ठेवतात, म्हणजे एकूण शक्ती तेवढीच राहते.

आता हे व्होल्टेज एखाद्या संथ ऑसिलेटरकडून घेतलं, तर आवाज दहा सेकंदांत एक फेरी मारील. वेग वाढवला तर तो थरथरेल. आणखी वाढवला तर फेरी कळेनाशी होऊन आवाजाचा पोतच बदलेल. यंत्रापाशी कोणी नसलं तरी आवाज चालतोय.

असं यंत्र आपल्या देशात कुठे आलं? याच मुंबई-अहमदाबाद रस्त्याने उत्तरेला जा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, 1969 साली मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर आला. तो उभा करायला डेव्हिड ट्यूडर हे अमेरिकन कलावंत आले होते. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या प्रदर्शनात त्यांनी 37 स्पीकरांच्या घुमटात आवाज फिरवण्याचं काम केलं. अहमदाबादशी धागा जुना होता. गीता साराभाईंनी 1946 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीत समजावलं होतं आणि ट्यूडर हे केज यांचे जवळचे सहकारी. एनआयडीत गीताबाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर काम केलं. हे 1972 पर्यंत चाललं.

आणि मग? मग त्या फिती मूग गिळून कपाटात बसल्या. सुमारे पंचेचाळीस वर्षं! पॉल पुर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्या आणि 2023 साली त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. तोवर भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात हे पान जवळजवळ कोरंच होतं. काम झालं होतं, फितीही होत्या. ऐकणारं कोणी नव्हतं.

झरीला हे वेगळं सांगायला नको. 23 मे 1945 रोजी याच गावात हजारो वारली जमले, वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरीबाई परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं, म्हणून तो काळ आज वाचता येतो. लिहिलं नसतं तर?

आता त्या दोन खुणांकडे येऊ. पॅनिंग फक्त जोर बदलतं. वेळेचा फरक त्यात नसतो, लांब-जवळ नसतं, पाड्यावरून परत येणारा घुमारा नसतो. तारपा वाजवणारा पायांनी चालतो तेव्हा हे सगळं एकदम बदलत असतं. त्याला कर्ण्यासमोर एकच माइक लावून स्टुडिओत बसवलं, आणि मग तो आवाज बटणाने डावी-उजवीकडे सरकवला, तर ऐकायला बरं वाटेल. पण त्यात नाच नसेल. नाचणाऱ्याच्या कानाला जे कळतं ते गेलेलं असेल.

म्हणून आमची विनंती साधी आहे. या हंगामात ध्वनिमुद्रण करा, पण नाचाच्या जागी करा. दोन माइक घ्या, दोन कानांइतक्या अंतरावर ठेवा, नाचाच्या कडेला उभे राहा आणि वाजवणाऱ्याला फिरू द्या. मुद्रण झालं की वाजवणाऱ्याला विचारून त्याचं नाव, पाड्याचं नाव आणि तारीख त्यावर बोलून ठेवा. त्याची एक प्रत गावात राहू द्या, सगळ्या शहरात पाठवू नका. पंचेचाळीस वर्षांनी कोणी कपाट उघडेलच, याचा भरवसा कोणी द्यावा?

प्रश्न असतील तर विचारा. तारपा वाजवणारं कोणी इथे बसलं असेल, तर पहिला प्रश्न आम्हीच त्यांना विचारणार आहोत.