रॉड्रिक्स, वेंडेल

(२८ मे १९६० – १२ फेब्रुवारी २०२०). गोमंतकीय वेशभूषाकार, वस्त्र-इतिहासाचे अभ्यासक आणि लेखक. संपूर्ण नाव वेंडेल ऑगस्टिन रॉड्रिक्स. जरीकाम, टिकल्या आणि लग्नाचे भरगच्च घागरे यांवर भारतीय फॅशनचा सारा डोलारा उभा असताना त्यांनी पांढरे सुती कापड आणि नेमकी बेतणी एवढ्या भांडवलावर आपले नाव उभे केले. त्यांना ‘मिनिमलिझमचे गुरू’ म्हटले जाई. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. गोव्याच्या भातशेतीत राबणाऱ्या बायकांचे कापड पुन्हा मागावर चढावे म्हणून त्यांनी जी खटपट केली, ती त्यांच्या कोणत्याही फॅशन शोपेक्षा मोलाची ठरते.

रॉड्रिक्स यांचा जन्म मुंबईतल्या गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव बार्देश तालुक्यातले कोलवाळ. महामार्गाने मुंबईहून म्हापशाकडे जाताना शापोरा नदी ओलांडली की हे गाव लागते. बालपण मात्र माहीमला गेले. कपड्यांचा व्यवसाय घरात नव्हता. त्यांनी केटरिंगची पदविका घेतली आणि १९८२ मध्ये मस्कतला रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकारी क्लबमध्ये साहाय्यक संचालकाची नोकरी धरली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने आखातातली पगारी नोकरी सोडून शिवणकामाच्या शिक्षणासाठी अमेरिका गाठावी, ही त्या काळी वेडेपणातच जमा होणारी गोष्ट होती. त्यांनी तेच केले. साठवलेल्या पैशांवर १९८६ ते १९८८ या काळात त्यांनी लॉस एंजेलिस आणि पॅरिस येथे फॅशनचे शिक्षण घेतले. आपल्या देशाचे काही कपड्यांत दिसू दे, हा सल्ला त्यांना पॅरिसमध्ये मिळाला. पुढे ते तो वारंवार सांगत. पाश्चात्त्य कपड्यांची हुबेहूब नक्कल युरोपला नको आहे, हे त्यांना तिथे उमगले आणि ते परत आले.

सुरुवात हलाखीत झाली. १९८९ मध्ये मुंबईच्या ओबेरॉय हॉटेलात त्यांचा पहिला शो झाला आणि मॉडेल मेहर जेसिया त्यात सहभागी होत्या. बेत बारा पोशाखांचा होता, पण पैशांअभावी निम्मेच पूर्ण होऊ शकले. याच सुमारास गार्डन वरेली, लॅक्मे आणि डी बिअर्स या कंपन्यांसाठी त्यांनी कामे केली. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात ते वेशभूषेचा इतिहासही शिकवत. शिकवण्यासाठी केलेले वाचन पुढे त्यांच्या संशोधनाचा पाया ठरले.

१९९३ मध्ये मुंबई सोडून ते कोलवाळला राहायला गेले. व्यवसायातल्या अनेकांना हे पाऊल आत्मघातकी वाटले, कारण गिऱ्हाईक, मॉडेल, छायाचित्रकार, नियतकालिके असे सगळेच मुंबई-दिल्लीत होते. घडले उलटेच. कोलवाळच्या हवेत त्यांच्या कपड्यांना स्वतःचा घाट सापडला. अंगाला न चिकटणारे, घाम टिपणारे, समुद्राच्या वाऱ्यावर हलणारे लिनन, खादी, मलमल यांचे कपडे ते करू लागले. अशा कपड्यात लपवायला जागा नसते. नक्षीदार कापडात वाकडी शिवण खपून जाते, पण कोऱ्या पांढऱ्या झग्यात खांद्याची बेतणी अर्धा इंच चुकली तरी लांबून दिसते. उरेप कापलेले कापड, एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड राहणारी कड, बारीक चुण्यांच्या ओळी ही त्यांची भाषा होती. अलंकरणाचे काम चुणीच करी. पणजीच्या कांपाल भागात त्यांनी बुटिक थाटले. गोव्याला येणारे पर्यटक आणि मुंबईचे गिऱ्हाईक मग तिथे वाट वाकडी करून जाऊ लागले. सुट्टीत घालायच्या सैलसर कपड्यांचे, म्हणजे रिसॉर्ट वेअरचे, दालन भारतात उघडणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना होते.

१९९५ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या इगेडो या वस्त्रमेळ्यात आणि २००७ मध्ये पॅरिसच्या प्रेत-अ-पोर्ते प्रदर्शनात त्यांचे कपडे झळकले. २००० मध्ये सुरू झालेल्या लॅक्मे इंडिया फॅशन वीकच्या उभारणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. दीपिका पदुकोण आणि अनुष्का शर्मा या चित्रपटांत येण्यापूर्वी त्यांच्यासाठी मॉडेल म्हणून चालल्या होत्या. ‘बूम’ (२००३) आणि ‘फॅशन’ (२००८) या चित्रपटांत ते स्वतःच्याच भूमिकेत दिसले.

कुणबी साडी हा त्यांच्या कार्याचा गाभा. गोव्यातील कुणबी आणि गावडा समाजाच्या स्त्रियांचे हे वस्त्र कोंकणीत ‘कापड’ म्हणूनच ओळखले जाते. लाल रंगावर बारीक चौकडी, जाडसर सुती पोत आणि गुडघ्याच्या आसपास येणारी लांबी, कारण चिखलात लावणी करताना घोळ परवडत नाही. पदर काखेखालून आणून खांद्यावर गाठ मारतात. ही गाठ म्हणजे देठली. नऊवारीत कासोटा जे काम करतो, तेच इथे ही गाठ करते : हात मोकळे राहतात आणि दिवसभर वाकून काम केले तरी वस्त्र जागचे हलत नाही. आजीबाईंच्या अंगावर ही गाठ पाहिलेल्याला तिच्यातली कारागिरी वेगळी सांगावी लागत नाही. एकही टाका न घालता बेतलेला तो पोशाखच आहे.

वस्त्रावर सत्तेची नजर गोव्यात फार पूर्वीपासून होती. १७३६ मध्ये पोर्तुगीजांच्या धर्मन्यायासनाने (इन्क्विझिशन) काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना ज्या अनेक प्रथांची बंदी केली, त्यांत पुरुषांचे पुडवें (धोतर) आणि स्त्रियांची चोळी हेही होते. तेव्हा तगलेले कापड विसाव्या शतकात बाजारापुढे हरले. स्थानिक माग बंद पडत गेले, स्वस्त छापील साड्या आल्या आणि कुणबी साडी कार्निव्हलच्या मिरवणुकीतला नाच आणि शाळेतले स्नेहसंमेलन यांपुरती उरली. रॉड्रिक्स यांनी जुने नमुने गोळा केले, विणकर गाठले आणि चौकडी पुन्हा विणून घेतली. शहरी स्त्रीला नेसता यावी म्हणून त्यांनी लांबी वाढवली, पोत मऊ केला आणि लालसोबत इतर रंगही आणले. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला ही साडी दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये मंचावर आली आणि गोव्याबाहेर अनेकांना तिचे नाव तेव्हा प्रथमच कळले. ती मुळात नेसणाऱ्यांपैकी किती जणींना ही नवी साडी परवडते, आणि सहावार झालेल्या साडीत देठली कुठे उरली, हे प्रश्न रास्त आहेत. तरी ज्या वस्त्राची लाज वाटावी असे वातावरण होते, ते नेसून गोव्याच्या मुली आज समारंभांना जातात, हा बदल त्यांच्या प्रयत्नांशिवाय इतक्या लवकर झाला नसता.

या अभ्यासातूनच ‘मोडा गोवा : हिस्टरी अँड स्टाइल’ (२०१२) हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. त्यामागे दहाहून अधिक वर्षांची मेहनत होती आणि लिस्बनच्या राष्ट्रीय वेशभूषा संग्रहालयातील कामाचाही त्याला आधार होता. प्राचीन मूर्तींच्या अंगावरील वस्त्रांपासून पोर्तुगीज अमदानीतल्या उच्चवर्णीय ख्रिस्ती घरांतील पेहरावापर्यंतचा पट त्यात आहे. मांडो हे गोमंतकीय नृत्यगीत नाचताना घालायचा पानो-भाजू हे त्याचे सुंदर उदाहरण. कमरेला गुंडाळायचे वस्त्र म्हणजे पानो, आणि सोनेरी भरतकामाचा सैल अंगरखा म्हणजे भाजू. यातला पानो हा शब्द पोर्तुगीज, तर भाजूचे नाते मलाय भाषेतल्या ‘बाजू’शी जुळते. एका पोशाखात लिस्बन, मलाका आणि मडगाव एकत्र नांदतात. गोव्याची संस्कृती म्हणजे पोर्तुगीज ठसा एवढाच समज असणाऱ्यांनी हा भाग आवर्जून वाचावा.

‘द ग्रीन रूम’ (२०१२) हे त्यांचे आत्मचरित्र. ‘पोसकें’ (२०१७) या कादंबरीत त्यांनी गोव्याच्या सधन घरांत सांभाळ म्हणून आणलेल्या, नावापुरत्या घरच्या मानलेल्या आणि प्रत्यक्षात आयुष्यभर चाकरीत ठेवलेल्या मुलांचे दुःख मांडले. आपल्याच समाजाच्या बंद खोल्या उघडायला धैर्य लागते. ते त्यांच्या खासगी आयुष्यातही होते. सहचर जेरोम मारेल यांच्याशी असलेले नाते त्यांनी कधी लपवले नाही. समलैंगिक संबंध भारतात गुन्हा मानले जात असताना, २००२ मध्ये पॅरिसला त्यांनी फ्रेंच कायद्यानुसार या नात्याची नोंदणी केली.

२०१४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले. फ्रान्सनेही कला व साहित्य क्षेत्रातील ‘शेव्हालिए’ हा किताब दिला. २०१६ मध्ये त्यांनी आपल्या नावाच्या लेबलची सूत्रे वेशभूषाकार शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवली. कीर्तीच्या शिखरावर असताना व्यवसायातून बाजूला होणे या क्षेत्रात दुर्मीळच. उरलेला वेळ त्यांना वस्त्रसंग्रहालयासाठी हवा होता. कोलवाळचे ‘कासा दोना मारिया’ हे आपले सुमारे साडेचारशे वर्षांचे राहते घर त्यांनी ‘मोडा गोवा’ संग्रहालयासाठी रिकामे केले आणि गावातच एका लहान घरात मुक्काम हलवला. संग्रहालय पूर्ण झालेले पाहण्याआधीच, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कोलवाळ येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधी गावातल्याच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये झाला.