गंजाला तोंड असतं का?

सातवीच्या वर्गात एकदा मी म्हणालो, "हा खिळा गंजाने खाल्लाय." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, गंजाला तोंड असतं का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पोराला खाली बसवलं. पुन्हा त्याने हात वर केला नाही. (खिळ्याचा गंज हवापाण्याचाच, तेव्हा शिकवण्यात चूक नव्हती. हसण्यात होती.)

परवा नातवाने सांगितलं, "आजोबा, जिवाणूंकडून धातू कोरून घेतात." म्हटलं, थट्टा करतोय. मग वाचायला बसलो.

स्पेनमध्ये रिओ तिंतो नावाची नदी आहे. पाणी लाल, लिंबाच्या रसासारखं आंबट. तिथे रोमन लोकांच्या खाणी होत्या. अठराव्या शतकात खाणीचं पाणी लोखंडाच्या तुकड्यांवरून सोडून त्यातलं तांबं धरायचे. पण खडकातलं तांबं पाण्यात इतक्या झपाट्याने उतरवतं कोण? सगळे म्हणत, हवापाणी. माझ्यासारखेच!

१९४७ साली अमेरिकेत कोल्मर आणि हिंकल यांना कोळशाच्या खाणीतल्या आम्लयुक्त पाण्यात जिवाणू सापडले. पुढे नाव पडलं थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स (२००० सालापासून ॲसिडिथायोबॅसिलस). यांचं पोट भरतं लोखंडावर! पाण्यात विरघळलेलं फेरस लोखंड ते फेरिक करतात, त्यातून ऊर्जा मिळवतात. ते फेरिक तांब्याला विरघळवतं आणि स्वतः पुन्हा फेरस होतं. जिवाणू त्याला परत फेरिक करतात. रहाटगाडगंच म्हणा ना!

१९९०च्या दशकात जपानमध्ये उनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच रहाटगाडगं कारागिरीला जुंपलं. धातूचा जो भाग राखायचा त्यावर लेप द्यायचा आणि तुकडा जिवाणूंच्या द्रावणात सोडायचा. उघडा भाग तेवढा कोरला जातो. हत्यार टेकत नाही, धातू तापत नाही. मात्र काम गोगलगायीचं, केसाच्या जाडीएवढं कोरायला कित्येक तास. शिवाय द्रावणात तांबं फार साठलं की जिवाणूच मंदावतात.

तोंड तसं जिवाणूंनाही नसतंच. पण तो मुलगा प्रश्न बरोबर दिशेने विचारत होता. आता पन्नाशीचा असेल. खिडकीजवळचं शेवटचं बाक, डावखुरा. आपल्या नात्यागोत्यात कोणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला फोन करा.