दक्षिण दिशा, कवेलू आणि आमचे घर



मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी आमच्या कुठल्याही वस्तीत एक चक्कर मारा. घरकुलाचे पक्के घर आहे, वर स्लॅब आहे, दाराशी निळा रंग आहे, पण माणसे आत नाहीत. म्हातारी माणसे कडुलिंबाखाली खाट टाकून बसलेली, लेकरे विहाराच्या सावलीत. रात्री बारा वाजले तरी स्लॅब गरमच. कूलर लावावा तर बिल वाढते, न लावावा तर झोप नाही. ज्या घरासाठी आमच्या तीन पिढ्या झगडल्या, त्यात दुपारी बसता येत नसेल, तर ते घर बांधताना निर्णय कोणी घेतले, हे विचारायलाच हवे.

हा प्रश्न फक्त इंजिनिअरचा नाही. घर कुठे बांधायचे आणि कशाचे बांधायचे, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला या देशात कधी होता? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना गावाबाहेर घातले. अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी गावगाड्याच्या अलिखित कायद्याची यादी दिली आहे. त्या यादीतले दोन नियम सरळ घराबद्दल आहेत. पहिला नियम, अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेला असावी, कारण चार दिशांत ती सर्वांत अशुभ. दुसरा नियम, अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हा गुन्हा. म्हणजे दिशाही त्यांनी ठरवली आणि छप्परही त्यांनीच ठरवले. आम्हाला उरले काय? कुडाच्या भिंती आणि तणसाचे छप्पर.

भंडाऱ्यात याला आणखी एक गाठ होती, मालगुजारीची. मध्य प्रांताच्या त्या व्यवस्थेत गावच्या जमिनीवर मालगुजाराचा हक्क चाले. आमचे पूर्वज इथे जाडेभरडे कापड विणत होते, शेतात राबत होते, तलावाच्या पाळीवर माती टाकत होते. पण ज्या जागेवर झोपडी, ती जागा आपली असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. ज्याला उद्या उठवले जाईल तो पक्की भिंत कशाला बांधेल? 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 पासून तो कायदा अमलात आला. पायाखालची जागा आपली मानून घर बांधण्याचा इतिहास आमच्याकडे म्हणून फार तर 75 वर्षांचा आहे.

या जमिनीशी आमचे नाते मात्र त्याहून फार जुने आहे. पवनीला 1969-70 मध्ये उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडीखालून विटांचा भव्य बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. वैनगंगेच्या काठावर पक्की वीट भाजून बांधकाम करणारी ही बौद्धांची भूमी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाबद्दल तथागतांनी दिलेली मोकळीक वाचा. पाच प्रकारची छपरे चालतील: विटांची, दगडाची, चुन्याची, गवताची, पानांची. खिडक्यांचेही तीन प्रकार सांगितले आहेत. निवास कशासाठी, तर थंडी आणि उष्णता अडवण्यासाठी. दिशेचा शुभाशुभ विचार तिथे नाही. जे मिळते, जे टिकते, ज्याने शरीराचे रक्षण होते, ते वापरा. घर बांधण्याचे यापेक्षा शहाणे सूत्र आम्हाला माहीत नाही.

बाबासाहेबांनी वीज हा विषयही सोडला नव्हता. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्यात होती. वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली नाही तर उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच काळात. स्वतःचे घर बांधतानाही त्यांनी गरज पाहिली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. घर म्हणजे कोणाला दाखवायची वस्तू नव्हे, आपल्या कामाला उपयोगी पडणारे साधन, हे त्यांनी करून दाखवले.

आता आमच्या घरकुलाकडे या. 1985 साली इंदिरा आवास योजना आली, ती सुरुवातीला अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांसाठी. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटर म्हणजे साधारण 270 चौरस फूट घर, वर रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. राज्याची रमाई आवास योजना खास अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. या योजनांतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आमचे लोक विसरतात. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे, ठेकेदाराने नाही. कायद्याने निर्णय आमच्या हातात दिला, आणि आम्ही तो उचलून ठेकेदाराच्या हातात दिला. दिशेचा निर्णय दिला वास्तुशास्त्रवाल्याच्या हातात.

या वास्तुशास्त्राचा हिशेब एकदा करूनच टाकू. आमच्यातले शिकलेले लोकसुद्धा दक्षिणमुखी दार नको म्हणतात. अरे, दक्षिण अशुभ म्हणून ज्यांनी तुमच्या आजोबाला तिकडे हाकलले, त्यांचेच शास्त्र तुम्ही पैसे देऊन विकत घेता? 22 प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने आकाशात पाहावे. भंडारा जवळपास 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस दुपारी बाराला सूर्य थेट डोक्यावर असतो. म्हणून दक्षिणेच्या भिंतीवर उन्हाळ्यात ऊन फारसे पडतच नाही. पडते ते छपरावर दिवसभर आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा त्याच दक्षिणेच्या खिडकीतून ऊब घरात येते. दोन फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्याचे ऊन अडते आणि हिवाळ्याचे आत येते. घर तापवणारी दिशा पश्चिम आहे. ज्या दिशेला अशुभ म्हटले, ती निर्दोष निघाली.

म्हणून पहिला निर्णय, आणि याला एक रुपयाही लागत नाही. घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा. खिडक्या त्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवा म्हणजे वारा आरपार जाईल. पश्चिमेला खिडकी नको. तिकडे संडास-न्हाणी किंवा सामानाची खोली घ्या, सांदवाडीत कडुलिंब लावा. छताजवळ झरोके ठेवा, वर साचलेली गरम हवा तिथून निघते. खिडक्या दिवसा बंद आणि रात्री उघड्या. जागाच अरुंद असेल, दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती असतील, तर निदान झरोके आणि छज्जा सोडू नका.

दुसरा निर्णय छपराचा, आणि सगळ्यांत जास्त विचार इथेच करा. इथे काही पर्यावरणवादी मंडळी आम्हाला सांगतात की जुनी मातीची, कवेलूची घरे थंड होती, तिकडे परत जा. थंड होती, हे खरे. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि जाड मातीची भिंत उष्णता उशिरा आत सोडते. पण दर पावसाळ्याआधी कवेलू कोण फेरत होते? माकडांनी फोडलेले कोण बदलत होते? भिंती लिपणे, शेणाने सारवणे कोणाच्या कमरेवर होते? आमच्या आयांच्या. मजुरी बुडवून. ज्यांना कौलारू घर बांधणे हा गुन्हा होता, त्यांच्या लेकीसुनांना स्लॅब हवा असेल तर तो चंगळवाद नाही. स्लॅब म्हणजे साप-विंचू, गळती आणि जोहाराचा काळ संपल्याची खूण आहे. ती खूण आम्ही टाकणार नाही. स्लॅब ठेवूनच तो थंड करायचा.

कसा? नवीन बांधत असाल तर स्लॅबच्या खालच्या भागात, सळयांच्या चौकटींमध्ये कवेलू ठेवून ओतकाम करता येते. त्याला फिलर स्लॅब म्हणतात. तिथे काँक्रीटचे काम नसतेच, म्हणून सिमेंट वाचते आणि कवेलूत अडकलेल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये स्वस्त घरांसाठी हे तंत्र रुजवले. पण हे काम जाणत्या मिस्त्रीकडून आणि इंजिनिअरला आधी दाखवूनच करा, कारण घरकुलाचा हप्ता पाहणी आणि फोटोवर निघतो. स्लॅब आधीच झाला असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला त्यावर चुन्याचे दोन-तीन हात द्या. खर्च काही शे रुपयांचा, आणि आतली उष्णता काही अंशांनी उतरते. पैसे असतील तर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा. नसतील तर गच्चीवर तणसाचा मांडव घाला, दोडका-दुधीचा वेल चढवा. टिन घालत असाल तर खाली मोकळी जागा सोडून छत करा, नुसते टिन म्हणजे भट्टी.

तिसरा निर्णय भिंतीचा. वीट आडवी न ठेवता उभी ठेवून, मध्ये पोकळी सोडत नऊ इंची भिंत बांधता येते. यात जवळपास पाव हिश्श्याने विटा वाचतात, आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. विटा एकसारख्या मापाच्या हव्यात, म्हणून राखेच्या विटा बऱ्या. मौदा आणि तिरोड्याची औष्णिक केंद्रे आपल्या शेजारीच आहेत. त्या केंद्रांच्या धुराची झळ आपल्याला बसतेच, तर राखेचा उपयोगही आपण का करू नये? जोते, खिडकीची पातळी आणि कोपरे मात्र भरीव ठेवा.

चौथा निर्णय विजेचा, आणि तो शेवटीच घ्या. साधा पंखा सुमारे 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे 16 युनिट वाचतात. त्यानंतर सौर पॅनेल. 2024 च्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजारांचे अनुदान आहे आणि त्यातून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. पण भट्टीसारख्या घरावर पॅनेल लावून कूलर चालवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आधी माठ बुजवा.

आणि एक गोष्ट. हे निर्णय घेताना घरातल्या बाईला विचारा. घरकुल बहुधा तिच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असते. भर दुपारी चुलीपुढे तीच असते. धूर कुठून निघावा, खिडकी कुठे असावी, हे तिला नकाशापेक्षा चांगले कळते.

1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यातून बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. ती हार आम्ही विसरलेलो नाही. पण आमच्या घराची दिशा आजही तेच शास्त्र ठरवत असेल आणि आमचे छप्पर ठेकेदाराच्या नफ्यावर ठरत असेल, तर ती हार आम्हीच रोज नव्याने करतो. शाखांच्या बैठकीत घरकुलाची यादी वाचतोच आपण. यापुढे त्याच बैठकीत पायाआधी नकाशाही जमिनीवर पसरवू. वस्तीतल्या दोन पोरांना पोकळ भिंतीचे आणि फिलर स्लॅबचे काम शिकवू. ज्यांचे घर झाले आहे त्यांच्या गच्चीवर एप्रिलमध्ये, जयंतीच्या रंगरंगोटीबरोबरच चुना मारू. विहाराला रंग देतो तसाच.

दिशा आमची, छप्पर आमचे, निर्णयही आमचा.

जय भीम!